काचेमागची बाई

काच ही पलीकडचं बघण्यासाठी असते, ही साधी गोष्ट आमच्या मामेसासऱ्यांना उभ्या जन्मात कुणी पटवून देऊ शकलं नाही. त्यांच्या मते खिडकीला, कपाटाला आणि चष्म्याला लावतात ती काच नव्हेच, ती नुसती सोय. काच म्हणजे जिच्या पाठीवर कुणा नाव-गाव विसरलेल्या चिताऱ्यानं गणपती रंगवलाय, लोणी चोरणारा कृष्ण रंगवलाय, गेला बाजार एखादा पोपट तरी रंगवलाय. अशा काचा त्यांनी नगर जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून गोळा केल्या आणि नगरात, सावेडीतल्या आपल्या तीन खोल्यांत अशा काही मांडून, टांगून आणि रचून ठेवल्या, की इतर घरांत आल्या पाहुण्याला "या, बसा" म्हणतात तसं त्यांच्या घरी "या, हलू नका" म्हणत. लग्न होऊन मी नगरला आले ती नव्वदीची सुरुवात होती. नव्या नवरीला घेऊन यजमान पहिल्यांदा आपल्या मामांच्या पाया पडायला गेले. मी वाकले, आणि आशीर्वादाऐवजी वरून आवाज आला, "पदर सांभाळ!" मी मनात म्हटलं, पुण्याची म्हणून आपल्याला पहिल्याच दिवशी वळण लावतायत. मागं बघितलं तर माझ्या पदराच्या टोकाशी एक निळ्या काचेची हंडी तिपाईवर डुगडुगत होती. ती स्थिर झाल्यावर मामांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मग सावकाशीनं मला अष्टपुत्रा वगैरे केलं.

मामा पेशानं जनावरांचे डॉक्टर. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात सगळी नोकरी झाली, गावोगाव बदल्या झाल्या, आणि निवृत्त झाले तरी घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी त्यांचे पाय घरात ठरत नसत. बैलाचे दात बघता बघता ते त्याच्या मालकाला सहज विचारल्यासारखं विचारत, "का हो, तुमच्या ओसरीवर एखादी जुनी तसबीर वगैरे?" लोकांना हे वेड इतकं पाठ झालं होतं की त्याचा ते खुशाल फायदा घेत. एकदा पारनेरकडच्या एका शेतकऱ्यानं निरोप धाडला, "डॉक्टर, लई जुनी काच सापडलीय, लगोलग या." मामा जेवणाच्या ताटावरून उठले आणि मिळेल त्या जीपला लटकून गेले. तिथं गोठ्यात म्हैस अडलेली. मामांनी बाह्या सावरल्या, म्हशीची सुटका केली, रेडकू उभं राहिलं, हात धुतले आणि मग शांतपणे विचारलं, "आता काच." शेतकऱ्यानं ओशाळून कंदिलाची एक काळवंडलेली चिमणी पुढं केली. दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मामांनी ती उजेडाकडे धरली, नखानं टिचकी मारून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "हीपण वाईट नाही." ती चिमणी पुढं कायम त्यांच्या उशाशी होती.

तशा त्यांच्याकडे काचेच्या नाना वस्तू होत्या. अत्तराच्या कुप्या होत्या, गोटीच्या सोड्याच्या बाटल्या होत्या, कुणाच्या तरी पणजीच्या रुखवतातली मण्यांची तोरणं आणि मण्यांचे राघू होते. पण जीव अडकला होता तो काचेवरच्या चित्रांत. ही चित्रं काढायची रीत मोठी उफराटी. कागदावर आपण आधी चेहरा रंगवतो आणि मग त्यात डोळे भरतो. इथं चित्र काचेच्या पाठीवर, बघायचं पुढून, त्यामुळं सगळं शेवटचं आधी. आधी डोळ्यातलं बुबुळ, कपाळावरचं कुंकू, नथीतला मोती, मग त्यांच्यावर अंगाचा रंग, त्याच्यावर लुगडं, आणि सगळ्यात शेवटी पाठीमागची भिंत. कुठं कुठं मधे जागा सोडून मागून बेगड लावायची, की दागिने चमकतात. मामा हे समजावून सांगत तेव्हा त्यांचा आवाज हळू होई. "चूक झाली तर खोडायची सोय नाही, सूनबाई. कुंकू राहून गेलं तर राहिलंच." आणि समजावून झालं की दरवेळी एकच ताकीद, "पुढून पुसा, हवं तितकं पुसा. मागून हात लावायचा नाही. मागं रंग उघडा असतो." ही ताकीद भांडीवाल्या बाईंना होती, मला होती, आणि एकदा तर मीटर बघायला आलेल्या वीजमंडळाच्या माणसालाही मिळाली.

काच आणायची तर फटफटीवरून नाही, एसटीनंच, आणि तीही मांडीवर घेऊन. एसटीत मामांच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला ऐवज बघून बायका विचारत, "केवढं हाय बाळ?" मामा खरं तेच सांगत, "शंभराच्या वर असेल." मग शेजारची बाई हळूच उठून दुसऱ्या बाकावर जाई आणि मामांना पाय पसरायला जागा होई.

या संसारात मामींचं काय झालं असेल याची कल्पना करा. मामी ठेंगण्या, गोऱ्या, नाकानं जराशा बसक्या आणि जिभेनं अजिबात बसक्या नव्हत्या. घरात कुकरच्या शिट्टीला बंदी होती, कारण शिट्टीनं काचा थरथरतात. मिक्सर आणला तसाच डब्यात होता. जुनी लुगडी बोहारणीला द्यायची चोरी, कारण ती काचा गुंडाळायला लागत. "माझी लुगडी काचांना, आणि काचांची धूळ मला," असं मामी म्हणत. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता आणि तो सगळ्या गावाला पटण्यासारखा होता. आपल्याकडे तडा गेलेला देव घरात ठेवत नाहीत. तसबीर फुटली, मूर्ती भंगली की नदीत सोडतात, नाही तर मारुतीच्या पारावर नेऊन ठेवतात. आणि मामांचा निम्मा संग्रह आला होता या पारांवरूनच! गाव कुठलंही असो, जनावर तपासून झालं की ते पाराला एक प्रदक्षिणा घालत, आणि लोकांना वाटे डॉक्टर भाविक आहेत. अशी लोकांनी घराबाहेर काढलेली सगळी भंगलेली दैवतं मामींच्या घरात सुखानं नांदत होती. मामी म्हणत, "अहो, तडा गेलेलं घरात ठेवू नये." मामा म्हणत, "माझा गुडघा गेलाय. मलाही पारावर नेऊन ठेव." मामी ताडकन म्हणत, "ठेवलं असतं. पण तुम्हाला कोण उचलून नेणार?"

एवढं सगळं गोळा केलेल्या या माणसाच्या मनात एक सल होता, आणि तो होता तिसगावला. तिसगावच्या एका शेतकऱ्याच्या घरी, देव्हाऱ्याच्या शेजारी, शिसवी चौकटीत एक बाई होती. हिरवं लुगडं, हातावर पोपट, मागं तांबडा पडदा. मामा नव्यानं नोकरीला लागले तेव्हा त्या घरी बैलाच्या खुराला औषध लावायला गेले होते; उघड्या दारातून बाईला बघून तिथंच थबकले आणि बैलानं त्यांना लाथ घातली. त्या घरच्या कर्त्या होत्या आक्का. नवरा लवकर गेलेला, मुलं लहान, आणि नांगरापासून भावकीपर्यंत सगळं एकटीनं हाकणारी करारी बाई. आक्कांच्या घरात त्या चित्राला 'घरातली बाई' म्हणत. ती त्यांच्या घराण्याची कोण्या काळची मूळ सासू, अशी श्रद्धा होती. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही ही रीत आक्कांनी केव्हाच मोडली होती. रोज सकाळी तिला हळदकुंकू, सणाला नैवेद्य, आणि नवी सून घरात आली की आधी तिच्या पाया पडायचं आणि मग देवाच्या. मामांना बघताक्षणी कळलं होतं की ही कोणाची सासूबिसू नव्हे. ही कुठल्या तरी सरदाराच्या दिवाणखान्यासाठी काढलेली नाचणारी आहे. हे त्यांनी आम्हाला सांगितलं, मामींना सांगितलं, तिसगावात मात्र त्यांच्या तोंडून चकार शब्द गेला नाही. "अहो, ती तिथं चांगली सासू झालीय," असं ते म्हणत. "आपण कशाला तिचं मागलं काढायचं?"

दरवर्षी या ना त्या निमित्तानं मामा तिसगावला जात. गाईला टोचत, चहा पीत आणि निघताना चपला घालता घालता म्हणत, "आक्का, ती तसबीर..." आक्का त्यांना वाक्य पुरं करू देत नसत. "डाक्टर, तुमाला पायजे तर गाय न्या. कालवड न्या. घरातली बाई कुनी देतं व्हय?" मामा मान डोलावत. दोघांनाही हा सवाल-जबाब पाठ झाला होता आणि मला वाटतं, एखाद्या वर्षी तो झाला नसता तर आक्कांनाच चुकल्यासारखं झालं असतं.

मग आक्कांच्या मुलाचं लग्न झालं. सून घोडेगावकडची, अंगानं हलकी आणि कामाला वाघीण. नवरात्रात घट बसायच्या आधी गावाकडे घरातलं चिंधी-वाकळ सगळं बाहेर काढून धुतात, भिंती सारवतात. त्याला 'दसरा काढणं' म्हणतात. सुनेचा तो सासरचा पहिला दसरा. आपण कुठं कमी पडायचं नाही अशा हिरिरीनं तिनं सगळं घर लखलखीत केलं आणि शेवटी घरातल्या बाईची चौकट खाली घेतली. कामचुकार सून असती तर पुढून फडकं फिरवून मोकळी झाली असती. ही पडली कामसू. तिनं मागची फळी उघडली, मागं साचलेली काजळी आणि जाळी बघितली, आणि ओल्या फडक्याला राख लावून काच मागूनही वरच्या अंगानं पुसायला घेतली. फडकं चेहऱ्यावरून फिरलं होतं तेवढ्यात फडक्यावर तिला रंग दिसला. तिनं काच उलटी करून बघितली. लुगडं होतं, पोपट होता, हात होते. चेहरा नव्हता.

पुढं जे झालं ते मामांना घोडेगावच्या बाजारात सुनेच्या वडिलांकडून कळलं. घरातली बाई निघून गेली, ती नव्या सुनेच्या पायगुणानं, असं भावकीनं ठरवून टाकलं. दिवाळीला सून रीतीप्रमाणं माहेरी गेली. आता सासरहून तिला न्यायला मूळ, म्हणजे घरचं कुणीतरी माणूस, यायला हवं. ते काही आलं नाही. कार्तिक सरला, मार्गशीर्ष लागला, पोरगी रोज रस्त्याकडे तोंड करून बसलेली. वडील बैल विकायला आले होते, पण दावं हातात धरून नुसते उभे होते. "डाक्टर, पोरीनं घान केली न्हाई हो, साफच केलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मामा बाजार अर्धा टाकून तसेच तिसगावला गेले. आक्का ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच चहाचं विचारलं नाही. आत गेल्या, चौकट आणली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली. "न्या डाक्टर. बाईच ऱ्हायली न्हाई, तर नुसती काच ठिवून काय करू? तुमाला हवी हुती ना?" मामांनी सुनेचा विषय काढला तर त्या म्हणाल्या, "मला काय ती नकोय व्हय? पन भावकी म्हनती, बाई परत येईस्तोवर सुनेला आनलं तर घर बसंल. मी एकली किती तोंडं धरू?" तेव्हा मामा, असं आक्कांनीच मला पुढं सांगितलं, जन्मात कधी बोलले नव्हते इतकं ठणकावून बोलले. म्हणाले, "आक्का, बाई कुठं गेली नाही. आजारी आहे. मी नेत नाही, दवाखान्यात ठेवतो समजा. बरी करून परत आणून देतो. तोवर त्या पोरीला कुणी वाईट बोलायचं नाही."

सगळी नोकरीभर जिच्यासाठी खेटे घातले ती चौकट मामांच्या टेबलावर आली तेव्हा मी तिथं होते. मामी म्हणाल्या, "मिळाली ना शेवटी? आता वाटा पेढे." मामा चौकटीसमोर बसून राहिले. ताट वाढलं तरी उठले नाहीत. मग त्यांनी मामींना घोडेगावच्या पोरीचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बरी करून परत द्यायची आहे." मामींच्या हातातला डाव तसाच राहिला. 'परत' हा शब्द मामांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मग तो आमटीत बुडवून त्या एवढंच म्हणाल्या, "मग जेवून घ्या. उपाशी पोटी डॉक्टरकी होत नाही."

पण बरी करणार कोण? मामांना गायीच्या पोटातलं वासरू फिरवता येत होतं, कुंचला धरता येत नव्हता. शेवटी त्यांनी माळीवाड्यातला एक पेंटर गाठला. हा गडी दुकानांच्या पाट्या रंगवी आणि ट्रकांच्या पाठीवर मोर, सिंह आणि घुंगटातली नवरी काढी. त्यानं रुबाबात काच घेतली आणि नेहमीच्या सवयीनं आधी गोरापान चेहरा रंगवून त्याच्यावर छान काळेभोर डोळे काढले. काच उलटवली तर पुढून नुसता गोरा गोळा. डोळे सगळे पलीकडे भिंतीकडे बघत होते. पुसलं. पुन्हा केलं. मग मात्र मामांनी स्टूल ओढलं आणि रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून सांगायला लागले. मी एकदा त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा ऐकलं. "नाक असं सरळ नको. जरा बसकं. इतकं नाही, बिचारीला सर्दी झाल्यासारखी दिसतेय. ओठ मिटलेले, पण आत काहीतरी बोलायचं तयार आहे असे. आणि डोळे कसे सांगू तुला... आमटीत मीठ जास्त पडलंय हे तिला ठाऊक आहे, पण तुम्ही काय म्हणता ते ती आधी बघणार आहे. असे डोळे." पेंटर वैतागून म्हणाला, "डॉक्टर, ही बाई तुमच्या ओळखीची हाय का?" मामा म्हणाले, "वर्षानुवर्षं बघतोय." त्यांना तिसगावची म्हणायची होती, याबद्दल मला शंका नाही.

चित्र वाळवून घरी आणलं, फळी बसवली, आणि यजमान व मी बघायला गेलो. बघितलं आणि मी तोंडाला पदर लावला. यजमान खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेले. हिरवं लुगडं नेसून, हातावर पोपट घेऊन, तांबड्या पडद्यापुढं साक्षात मामी बसल्या होत्या! तेच नाक, तोच मिटल्या ओठांतला टोमणा. चित्रातल्या बाईकडे खऱ्या मामींनी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "काय बाई आगाऊ चेहरा! हिच्यासाठी इतकी वर्षं खेटे घालत होतात?" मामी आरशात बघत तेव्हा कुंकू सरळ आहे की नाही तेवढंच बघत, त्यांना काय कळणार! आणि मामा मन लावून चौकटीची कड पुसत होते. पुढूनच.

घरातल्या बाईला परत पोचवायचं तर सवाष्णीनं न्यायला हवं, म्हणून मामांबरोबर मामी निघाल्या आणि सोबतीला मला घेतलं. तिसगावात आक्कांच्या ओसरीवर भावकीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. पाटावर चौकट ठेवली, शेजारच्या पाटावर मामींना बसवलं. आक्का हळदकुंकू घेऊन आल्या. वाकून काचेवरच्या बाईला कुंकू लावलं, मग मामींच्या कपाळाकडे हात नेला आणि तो हात मधेच थांबला. त्यांनी मामींकडे बघितलं. पाटावर बघितलं. पुन्हा मामींकडे बघितलं. पुसून पुन्हा काढायची आता सोय नव्हती, आणि ही बाई खोटी ठरली तर घोडेगावची पोर कायमची माहेरी बसणार होती. तेवढ्यात आक्कांच्या चुलत सासूबाई मान पुढं काढून म्हणाल्या, "ही आपली बाई न्हाई वाटत. आपल्या बाईचं नाक..."

"तुमाला काय दिसतंय आत्याबाई?" आक्कांनी त्यांना तिथंच तोडलं. "तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रोज कुंकू म्या लावलंय का तुमी? नाक असंच हुतं. हीच हाय. आमची बाई घरी आली." आणि त्यांनी मामींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं, ओटी भरली आणि मुलाला हाक मारली, "ऊठ, घोडेगावाला मूळ म्हनून तूच जा. आजच्या आज सुनेला घिऊन ये." आक्का म्हणाल्या म्हणजे झालं. निघताना त्यांनी मामींचे दोन्ही हात धरले. "तुमी आता आमच्या घरच्या झाल्या बरं का." मामी एसटीत मला म्हणाल्या, "किती लाघवी बोलतात नाही गावाकडची माणसं!" मामा खिडकीतून बाहेर बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते जाताना मांडीवर काच घेऊन गेले होते आणि येताना मांडी रिकामी होती.

संक्रांतीला ती सून नवऱ्याबरोबर वाण घेऊन सावेडीत आली. मामींना बघितलं आणि उंबऱ्यातच थबकली. वाकून नमस्कार केला, उठली आणि पुन्हा एकदा वाकली. मामी म्हणाल्या, "अगं, एक पुरे." ती नुसती हसली.

यानंतर दोनतीन वर्षांनी मामी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. ज्या घरात टिचकी मारून काचेची तब्येत सांगणारा डॉक्टर होता, तिथं कुणाला काही कळायच्या आत सगळं आटोपलं. मग लक्षात आलं की मामींचा धड एक फोटो घरात नाही. कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात जात. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांमागं चेहरा नाही, आमच्या लग्नात होती ती पाठ. तेराव्याला पाटावर नुसता दिवा ठेवला होता. सगळ्या भिंतींवर एवढे चेहरे, आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून बसत.

त्या आठवड्यात तिसगावची सून आली. कडेवर आता मूल होतं, आणि नवऱ्याच्या मांडीवरून, लुगड्यात गुंडाळून, एसटीनं चौकट आणली होती. आक्कांना गुडघ्यांमुळं येववलं नव्हतं. सुनेनं लुगडं सोडलं आणि चौकट मामांच्या पुढ्यात भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी सांगितलंय, डाक्टरांच्या घरची बाई डाक्टरांच्या घरी पोचती कर. आमाला पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय. भावकीला काय सांगायचं ते त्या बघत्यात."

मामा खाली जमिनीवर बसले. मामी त्यांच्याकडे बघत होत्या, आमटीत मीठ जास्त झाल्यासारख्या. मी बाहेर जावं की थांबावं मला कळेना. रडू मला आवरत नव्हतं. यजमान म्हणाले, "मामा, ठेवून घ्या. समोरच्या भिंतीवर लावू." मी मनातल्या मनात ती भिंत रिकामीही केली होती.

मामांनी सुनेला विचारलं, "कुंकू आता कोण लावतं हिला?"

"मीच की. रोज, चहाच्या आदी."

"नैवेद्य?"

"सनावारी. परवा पुरन केलं हुतं."

मामांनी लुगडं उचललं आणि चौकट पुन्हा गुंडाळायला लागले. त्यांच्या हातांना ते काम पाठ होतं, पण तेव्हा गाठ बसत नव्हती. "परत ने," ते म्हणाले. "माझ्याकडे नुसत्या काचा असतात, पोरी. इथं ठेवली तर हीपण काच होईल. तुझ्याकडे ती घरातली बाई आहे."

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, स्वयंपाकघरात गेले, फडताळावरचे डबे हलवल्याचा आवाज आला, आणि एक लहानशी लाकडी डबी घेऊन बाहेर आले. सुनेच्या हातात ती देऊन तिची मूठ त्यांनी वरून मिटवली.

"हे लाव. घरचं आहे, तिनंच केलेलं," मामा म्हणाले. "बाजारचं लावू नकोस. तिच्या कपाळाला पुरळ येतं."